महापालिकेच्या सभेपर्यंत आपला प्रश्न न्यायचा तर: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि अनेक शहरांत जवळपास चार वर्षांनी सभागृहाची दारं पुन्हा उघडली. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे इथल्या सभागृहांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मधल्या काळात रस्ता असो की पाण्याची लाईन, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं. या काळात मतदार झालेल्या किंवा कामधंद्यासाठी शहरात येऊन राहिलेल्या कित्येकांनी नगरसेवक हा प्राणी पोस्टरवर सोडून पाहिलेलाच नाही. सर्वसाधारण सभा तर दूरची गोष्ट. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिथे महापालिकेऐवजी नगरपरिषद आहे तिथे कायदा वेगळा, १९६५चा. आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी, महापौरांच्या जागी थेट निवडून आलेले नगराध्यक्ष. बाकी वाट बरीचशी सारखीच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावरून सगळ्यात जास्त हिरमोड होतो. गावाकडे ग्रामसभेत कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. शहरात तसं नाही. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकाला बसता येतं, ऐकता येतं, बोलता येत नाही. बोलायचं नगरसेवकांनी आणि उत्तर द्यायचं प्रशासनाने. त्यामुळे सभेच्या दिवशी पन्नास माणसं घेऊन गॅलरीत जाऊन बसलात तरी, तुमचा विषय आधीच कागदावर आलेला नसेल, तर तो सभागृहात निघणारच नाही. खरं काम सभेच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत करायचं असतं. या लेखाचा मोठा भाग त्याच आठवड्यांवर खर्च केला आहे.

काम नक्की कुणाचं, ते आधी शोधा

रस्ता महापालिकेचाच असेल असं धरून चालू नका. शहरातून जाणारे काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा राष्ट्रीय महामार्गाकडे असतात. वीज महावितरणकडे, मुंबई शहरात बेस्टकडे. म्हाडाच्या वसाहतीतले, रेल्वेच्या हद्दीतले आणि एमआयडीसीतले रस्ते वेगळेच. चुकीच्या दारात निवेदन दिलं की 'आमच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर यायला महिना जातो आणि तोवर पावसाळा येऊन ठेपलेला असतो.

पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा, अंतर्गत रस्ते, पथदिवे, उद्यानं, स्मशानभूमी, दवाखाने आणि महापालिकेच्या शाळा हे मात्र नक्की महापालिकेचं. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे देता येण्याजोगे १८ विषय दिले आहेत. एकदा वाचून ठेवा, एका पानाचाच मजकूर आहे. शंका असेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला गाठा. मुंबईत याच कार्यालयाला विभाग कार्यालय म्हणतात, नागपुरात झोन. रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हे त्या माणसाला तोंडपाठ असतं, आणि नीट विचारलं तर तो सांगतोही.

तक्रार आधी, सभा नंतर

बंद पडलेला दिवा किंवा तुंबलेलं चेंबर यासाठी सभेपर्यंत जायची गरज नाही. त्यासाठी महापालिकेचं ॲप किंवा हेल्पलाईन आहे. मुंबईत १९१६ हा क्रमांक. तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक मिळवा आणि तो जपून ठेवा. हा क्रमांक हीच पुढच्या सगळ्या लढ्याची पहिली पायरी आहे. एकाच ठिकाणची तक्रार चार-पाच वेळा नोंदवली गेली, प्रत्येक वेळी 'निराकरण झाले' असा शेरा पडला आणि पाणी तसंच साचतंय, असं झालं की तो प्रश्न दुरुस्तीचा राहत नाही, निर्णयाचा होतो. निर्णयाचा प्रश्न सभेत न्यायचा असतो.

मधला एक रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो: लोकशाही दिन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेतही तो होतो आणि तिथे नागरिकाला स्वतः अधिकाऱ्यांसमोर बोलता येतं. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. एका अर्जात एकच तक्रार लिहायची. न्यायालयात असलेलं किंवा माहिती अधिकारातलं प्रकरण तिथे घेत नाहीत. तुमचा प्रश्न एका घराचा किंवा एका इमारतीचा असेल तर सभेपेक्षा इथे लवकर सुटण्याची शक्यता मला जास्त वाटते.

चार नगरसेवक, चार पोच

मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, असे २२७. बाकी शहरांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत, बहुतेक ठिकाणी चार जणांचे. यातून एक अडचण तयार होते. चौघांचंही काम म्हणजे कुणाचंच नाही, असं होऊ शकतं; प्रत्येक जण दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवतो. म्हणून निवेदन चौघांच्याही नावे करा, चौघांनाही स्वतंत्र प्रत द्या आणि चौघांकडूनही पोच घ्या. त्यांत वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर चांगलंच. एकाने विषय मांडला आणि दुसऱ्या पक्षाच्या दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तर तो प्रश्न पक्षाचा न राहता प्रभागाचा होतो.

एक मनापासून सांगायचं आहे. महापालिकांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही कार्यालयात गेल्यावर कित्येकदा नगरसेविकेऐवजी त्यांचे पती किंवा दीर समोर बसतात आणि 'मला सांगा, मीच बघतो' म्हणतात. निवेदन ताईंच्याच हातात द्या, त्यांच्याशीच बोला, त्यांचाच नंबर मागा. सभागृहात उभं राहून बोलण्याचा अधिकार त्यांना आहे, घरच्यांना नाही. शिवाय नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं हे त्यांना कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांनाही भेटायला हरकत नाही. त्यांना सभेत मतदान करता येत नाही, पण चर्चेत भाग घेता येतो.

निवेदन कसं लिहायचं

इथे घाई करू नका. बहुतेक निवेदनं फायलीत पडून राहतात, कारण त्यांत नेमकी मागणीच नसते. 'आमच्या भागाकडे दुर्लक्ष होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' या वाक्यावर अधिकारी 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर चूकही ठरत नाही.

निवेदन एका पानाचं असावं. वर तारीख, मग प्रति: नगरसेवकांची नावं आणि प्रभाग क्रमांक, माहितीसाठी प्रत: क्षेत्रीय अधिकारी आणि संबंधित खातं. विषयाची ओळ अशी लिहा की ती जशीच्या तशी सभेच्या कागदावर उचलता येईल. उदाहरणार्थ:

'विषय: बस थांबा ते शाळेची मागील भिंत या सुमारे २०० मीटरच्या पट्ट्यात पावसाळी गटार नसल्याने साचणाऱ्या पाण्याबाबत.'

खाली तीन परिच्छेद पुरतात. पहिल्यात वस्तुस्थिती: पाणी कधी साचतं, किती वेळ राहतं, त्या रस्त्याने कोण जातं. दुसऱ्यात आधीच्या तक्रारींचे क्रमांक, तारखा आणि प्रत्येकीला मिळालेलं उत्तर. तिसऱ्यात मागणी, आणि ती दोन भागांत: एक लवकर होण्यासारखी, एक पैसे लागणारी.

'१. येत्या मे अखेरपर्यंत या पट्ट्यातील दोन्ही चेंबरमधील गाळ काढावा. २. पावसाळी गटाराचे पूर्वगणनपत्रक तयार करून पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करावी.'

अशा मागणीला नुसतं 'कार्यवाही सुरू आहे' म्हणता येत नाही. गाळ काढला का? पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, झालं का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर उरतं. सोबत तारीख दिसेल असे दोन-तीन फोटो जोडा, पंधरा नकोत. सह्यांसोबत पत्ते घ्या, कारण 'हे लोक प्रभागातले आहेत का' ही शंका पहिल्यांदा काढली जाते. पंचवीस खऱ्या सह्या दोनशे संशयास्पद सह्यांपेक्षा वजनदार असतात.

दिलेल्या प्रत्येक कागदाच्या तुमच्याकडच्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पाहिजेच. 'ठेवून जा, साहेबांना देतो' यावर समाधान मानू नका. शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला असेल तर थांबा.

प्रभाग समिती: दुर्लक्षित पण उपयोगी

मला विचाराल तर नवख्या माणसाने सर्वसाधारण सभेआधी प्रभाग समितीकडे जावं. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत घटनेच्या कलम २४३ एसनुसार अशा समित्या असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २९ अ मध्ये त्यांचं काम लिहिलेलं आहे: पाणी, सांडपाणी, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा अशा स्थानिक सेवांबाबत नागरिकांच्या सामायिक तक्रारींचं लवकर निवारण. याच कलमात भागात काम करणाऱ्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन सदस्य नेमण्याची तरतूद आहे. तुमची सोसायट्यांची संघटना किंवा महिला मंडळ नोंदणीकृत असेल, तर ही नेमणूक कधी होणार, असं लेखी विचारा. जागा रिकाम्या असतील तर पत्रामुळे निदान विषय निघेल.

या समितीची बैठक लहान असते, क्षेत्रीय अधिकारी आणि अभियंते तिथेच बसलेले असतात, आणि सभागृहातला राजकीय गोंधळ तिथे कमी असतो. गाळ, दिवे, पाण्याची वेळ हे प्रश्न तिथेच मिटू शकतात. मिटले नाहीत, तर 'प्रभाग समितीत विषय झाला, तरी काम झालं नाही' हे वाक्य वर जाताना बरंच काम करतं.

विषय विषयपत्रिकेवर आणणं

सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा होते. सभेची सूचना साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघते आणि तिच्यासोबत विषयपत्रिका येते. काही शहरांत तिला कार्यपत्रिका म्हणतात. हे सगळं नगरसचिव कार्यालयातून होतं. या कार्यालयाचा मजला आणि फोन शोधून ठेवा. पुढची सभा कधी आहे आणि विषय कधीपर्यंत स्वीकारतात, या दोन प्रश्नांची खात्रीची उत्तरं तिथेच मिळतात.

नगरसेवकाकडे तीन मार्ग असतात. पहिला लेखी प्रश्न: तो मुदतीत नगरसचिवांकडे द्यावा लागतो आणि प्रशासनाचं उत्तर छापील येतं. दुसरा प्रस्ताव: सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांनी विषयपत्रिकेवर येतो, त्यावर प्रशासनाचा अभिप्राय मागवला जातो आणि मग ठराव होतो. तिसरा म्हणजे सभेत उभं राहून मुद्दा मांडणं. वर्तमानपत्रात तिसरा छापून येतो, पण तुमच्या उपयोगाचे पहिले दोन. नगरसेवकांना नेमकं विचारा: 'यावर लेखी प्रश्न देणार की प्रस्ताव?' बघतो, बोलतो, आवाज उठवतो, यांतलं कुठलंच त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

पैशाचा विषय असेल तर स्थायी समितीचंही नाव लक्षात ठेवा. मुंबईबाहेरच्या महापालिकांत तिच्यात १६ सदस्य असतात, आणि निविदा व खर्चाचे बहुतेक निर्णय तिथे होतात. त्या बैठकीला नागरिकांना सहसा प्रवेश नसतो, म्हणून आपल्या प्रभागातलं किंवा शेजारचं कुणी तिथे आहे का ते पाहून ठेवावं. अंदाजपत्रक आयुक्तांकडून स्थायीकडे आणि तिथून सर्वसाधारण सभेकडे जातं, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे पुढच्या वर्षी गटार हवं असेल तर मागणी दिवाळीच्या आसपास आत गेलेली बरी. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्याचे अर्ज तर त्याहूनही आधी, पावसाळ्यातच भरावे लागतात.

सभेचा दिवस

सकाळी आधी नगरसचिव कार्यालयात फोन करा. एखाद्या मान्यवराच्या निधनानंतर शोकप्रस्ताव घेऊन सभा लगेच तहकूब करण्याची पद्धत आहे. कामावर खाडा करून आलेल्या माणसाला हे दारात कळलं की फार लागतं.

कायद्याने सभा लोकांसाठी खुली आहे. उपस्थित नगरसेवकांच्या बहुमताने ठरवलं तरच एखादी चर्चा बंद दाराआड होऊ शकते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी गॅलरीचा पास लागतो. तो नगरसचिव कार्यालयातून किंवा नगरसेवकांच्या पत्रावर मिळतो. ओळखपत्र बरोबर ठेवा. गॅलरीत फलक, घोषणा, टाळ्या नकोत. अडथळा आणणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे सभा चालवणाऱ्यांना आहे. आणि तुमच्यावरून गोंधळ झाला तर तुमचाच विषय मागे पडतो.

विषयपत्रिकेची प्रत हातात असल्याशिवाय आत जाऊ नका, नाहीतर काय चाललंय ते कळणार नाही. नगरसचिव फक्त विषय क्रमांक वाचतात. बाकांवरून कुणीतरी 'मान्य' म्हणतं, महापौर 'विषय मंजूर' म्हणतात, आणि पुढचा क्रमांक सुरू. दहा सेकंदांत कोट्यवधींचा विषय निघून गेलेला असतो. म्हणून पेन्सिल घ्या आणि प्रत्येक क्रमांकापुढे काय झालं ते लिहीत जा.

'तहकूब' म्हणजे पुढच्या सभेत येईल. 'फेरविचारासाठी परत' किंवा 'अभिप्रायासाठी आयुक्तांकडे' म्हणजे कागद खात्यात गेला. तो कुठल्या टेबलावर आहे हे आता तुम्हालाच शोधत राहावं लागेल. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय संपला. 'उपसूचनेसह मंजूर', म्हणजे बदलासह मंजूर, असं ऐकलंत तर सगळ्यात सावध व्हा. उपसूचनेत रस्त्याचं नाव बदललेलं असू शकतं, निधी दुसरीकडे वळवलेला असू शकतो, आणि ती कित्येकदा सभागृहात पूर्ण वाचलीही जात नाही. शेवटी येणारे ऐनवेळचे विषय विषयपत्रिकेवर नसतात. तेव्हा जेवणाची वेळ झाली तरी उठू नका.

ठराव झाल्यावर

मंजूर ठराव म्हणजे मंजूर काम नव्हे. निधी नसेल तर तो तसाच राहतो. राज्य सरकारला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१खाली ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचाही अधिकार आहे. म्हणून सभेनंतर आठवडाभरात नगरसचिव कार्यालयातून ठराव क्रमांक आणि तारीख घ्या. इतिवृत्त नागरिकालाही शुल्क भरून पाहता येतं. आपण जे ऐकलं तेच लिहिलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

मग ठरावाची प्रत घेऊन पुन्हा त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे जा. चार गोष्टी विचारा: पूर्वगणनपत्रक झालं का, तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून), निविदा कधी, कार्यादेश कुणाला. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. अर्जात 'काम का झालं नाही' असं विचारू नका, कारण 'का' ही माहिती नाही असं उत्तर येतं. 'ठराव क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' असं लिहा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कार्यालयात जाऊन नस्ती, म्हणजे फाईल, पाहण्याची सोयही शासनाने २०१८ च्या निर्णयाने करून दिलेली आहे. कित्येकदा अर्ज न करताच तिथे सगळं समजतं.

काम सुरू झालं की जागेवरचा माहितीफलक पाहा. ठेकेदार, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी त्यावर असायला हवा. फलक नसेल तर लावायला सांगा. असेल तर त्याचा फोटो काढून निवेदनाच्या फायलीत ठेवा, कारण त्या कालावधीत गटार खचलं किंवा झाकण तुटलं, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तेव्हा तक्रारीत फलकावरची तारीख लिहायला विसरू नका.